पहिला ठोकळा तुझा

ताई : चप्पल काढू नकोस. मला कामावर निघायचंय.

धाकटी : पाचच मिनिटं गं. ठकी कुठेय?

ताई : आत चित्र काढत बसलीय. आणि हळू बोल.

धाकटी : काल उद्घाटनाला माझी काय अवस्था होती ते तू पाहिलं नाहीस, ताई. अध्यक्ष दारात, फोटोवाले तयार, आणि तेवढ्यात ठोकळ्यांची अख्खी कमान धाडकन...

ताई : पडली. बरं. ठोकळे कशाचे होते?

धाकटी : कॉर्कचे. बुचासारखे हलके.

ताई : कुणाला लागलं?

धाकटी : नाही.

ताई : मग माझ्या पोरीचा दंड का लाल झालाय? तुझी बोटं उमटलीत.

धाकटी : मी नुसतं बाजूला ओढलं तिला.

ताई : आणि ओरडलीस. 'अक्कल गहाण टाकलीस का? हात लावायला कुणी सांगितलं?' मागे भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय, 'हात लावा, मोडा, पुन्हा बांधा.' लोक हसले म्हणे.

धाकटी : हसले. मलाच हसले.

ताई : तू आखलेला मांडव तो. मुलांनी खेळावं, सुचेल ते बांधावं म्हणूनच ना? की पाहुण्यांना लांबून दाखवायचा होता?

धाकटी : खेळायलाच. फक्त फोटो होईपर्यंत जरा...

ताई : हे तिला सांगितलं होतंस?

धाकटी : नाही.

ताई : काय सांगितलं होतंस ते मी सांगते. गेले कित्येक महिने माझ्या घरात चालायला जागा नव्हती. पाणी प्यायला उठलं की ठोकळ्यांना ठेच. ती बांधायची, तू मांडी घालून बघत बसायचीस. कमान खालून ओढली की खरी मजा, हे तुला कुणी दाखवलं?

धाकटी : ठकीनेच.

ताई : आणि मग काय म्हणालीस? 'उद्घाटनाला पहिला ठोकळा तुझा.' अख्ख्या वर्गाला सांगून आली पोरगी.

धाकटी : विसरले गं. त्या गडबडीत खरंच विसरले.

ताई : विसरलीस, सोडून दिलं. ओरडलीस, तेही सोडलं असतं. मी काय कमी ओरडते तिला? पण त्या चष्मेवाल्या बाईंनी तुला काय विचारलं?

धाकटी : कोण, आयोजक बाई?

ताई : असतील. काय विचारलं?

धाकटी : तुला कामाला उशीर होतोय ना?

ताई : विषय बदलू नकोस.

धाकटी : 'कुणाची मुलगी आहे ही?' असं.

ताई : मग?

धाकटी : ताई, तिने ऐकलं?

ताई : दंड तुझ्याच हातात होता तिचा, ऐकणार नाही तर काय! मी गाडी लावून आले तर ही बाहेर पायरीवर एकटी. घरी आलो. अंघोळ घालताना विचारते, 'आई, माझा चेहरा बदललाय का?'

धाकटी : अगं आई गं.

ताई : मला आधी कळेचना. मग म्हणाली, 'मावशीने मला ओळखलंच नाही.'

धाकटी : 'माहीत नाही' असं तोंडातून निघून गेलं. सगळे बघत होते. वाटलं, भाची आहे म्हटलं तर म्हणतील, घरच्याच पोरीला वळण नाही...

ताई : रडू नकोस इथे. रडलीस की मी तुला जवळ घेईन, आणि आज मला तसं करायचं नाही.

धाकटी : तिच्याशी बोलू दे मला. एकदाच.

ताई : तिची इच्छा असेल तर बोल. मी जबरदस्ती करणार नाही. अगं बाई, दूध उतू चाललं वाटतं!

(ताई स्वयंपाकघरात धावते. आतल्या खोलीच्या दारात ठकी येऊन उभी राहते, हातात खडू.)

धाकटी : ठकी! ये ना इकडे. बरं, राहू दे, तिथेच थांब. काल मी खोटं बोलले गं. मी तुला ओळखत होते. पाठमोरी असतीस तरी ओळखलं असतं.

ठकी : मग 'माहीत नाही' असं का म्हणालात?

धाकटी : 'म्हणालात' काय, वेडे? मला... मला लाज वाटली.

ठकी : माझी?

धाकटी : हो. तेव्हा तुझी वाटली. तू तर ठरलं होतं तेच केलंस. ऐक, मी आज सकाळी जाऊन कमान पुन्हा उभी केलीय. कुणालाही हात लावू दिलेला नाही. चल, पहिला ठोकळा तू काढ.

ठकी : तिथे दुसरी मुलं येणार ना?

धाकटी : येतील की. पण आधी तू.

ठकी : त्यांना काढू द्या. त्यांना ओरडू नका.

धाकटी : नाही ओरडणार. ठके, एकदा मावशी म्हण ना.

ठकी : तुम्ही बसा. मी आईला बोलावते.