भुईचाफ्याची जागा

सरोजिनी : अन् इथं काय होतं, ते ठावं हाय का तुमाला?

बाबूराव : कुठं? कढीपत्त्याच्या बुडाशी? तिथं काही नव्हतं. मोकळी जागा होती, म्हणून तर जास्वंद लावली. पाटी वाच की. नाव, जात, लावल्याची तारीख.

सरोजिनी : वाचली. समद्याच वाचल्या. माहेराहून, तेरहून आले, अजून हातातली पिशवी खाली ठेवली न्हाय, तर अंगणभर पाट्याच पाट्या. तुळशीला बी पाटी. तुळस ओळखू येत न्हवती व्हय?

बाबूराव : नोंद म्हणजे नोंद. एकाला लावायची अन् दुसऱ्याला सोडायची, असं चालत नाही. जन्मभर तहसिलीत आवक-जावक सांभाळली मी.

सरोजिनी : मोकळी जागा म्हणता. खणताना काय निघालं?

बाबूराव : आल्यासारख्या गाठी निघाल्या. वर पान नाही, काडी नाही. जुनं आलं असेल म्हणून घंटागाडीत टाकलं.

सरोजिनी : कवा?

बाबूराव : सोमवारी. का? काय होतं?

सरोजिनी : भुईचाफा होता. माझ्या आईनं दिलेला. थंडीत त्याची पानं जात्यात, गाठी मातीत निजून राहत्यात. पाडव्याच्या आसपास भुईतनं नुसतं फूल वर येतं. दरसाली इथंच चहा पीत बसता तुमी, अन् ते तुमच्या म्होरंच उमलतं.

बाबूराव : ते पांढरं-जांभळं? ते पलीकडं भिंतीकडं येतं ना? बरं, तुझ्या भावाकडं असेल की. तेरहून एक गाठ मागवू.

सरोजिनी : दादानं समद्या परसात फरशी टाकली. आई खाटंवर होती तवाच. तिला उठून बघता बी आलं न्हाय. मला म्हणली, सरू, तुझ्याकडं हाय न्हवं? म्या म्हणलं, हाय. मग गप पडून राहिली.

बाबूराव : सोलापूरला नर्सरीत मिळेल.

सरोजिनी : बघा. आई बी मिळती का, तेबी ईचारून या.

बाबूराव : हे बघ, मी फोन करून विचारणार होतो. पण तू आईच्या दुःखात. त्यात झाडांचं काय विचारायचं?

सरोजिनी : फोन कशाला, यायचंच की. तेराव्याला जो तो ईचारायचा, जावई कुठं हायत. म्या सांगत बसले, गुडघा धरलाय त्यांचा, यष्टीत चढवत न्हाय. अन् हितं तुमी गुडघं टेकून खणीत होता.

बाबूराव : गुडघा दुखतोच माझा. हळूहळू केलं.

सरोजिनी : लई वंगाळ वाटलं तवा, समद्यांम्होरं. आता त्याहून वाटतंय.

बाबूराव : म्हण, सगळं माझंच चुकलं म्हण. पाट्या लावू, पाट्या लावू, कधीचा सांगतोय. तूच हसायचीस. घरच्या लेकरांच्या गळ्यात कुणी पाटी अडकवतं का, म्हणायचीस. त्या जागेवर एक पाटी असती, तर मी कुदळ लावली असती का? सांग ना.

सरोजिनी : न्हाय. नसती लावली.

बाबूराव : मग?

सरोजिनी : तेवढं खरं हाय तुमचं.

(सरोजिनी हातातली पिशवी खाली ठेवते.)

बाबूराव : ती जास्वंद काढून टाकतो मी.

सरोजिनी : राहू द्या. तिनं काय केलंय कुणाचं. एखादी कोरी पाटी उरलीय का?

बाबूराव : आहे. काय लिहू?

सरोजिनी : भुईचाफा लिहा. खाली आईचं नाव घाला, लक्ष्मीबाई, तेर. अन् जास्वंदीच्या शेजारी रोवा.

बाबूराव : अगं, पण आता तो तिथं नाही. नसलेल्या झाडाची पाटी कशी लावायची?

सरोजिनी : होता तवर मला पाटी लागत न्हवती.