तुऱ्याची उंची

विठाबाई : परत ठेव की काट्यावर. किलोभर बी न्हाय ते.

अनुजा : वजन बघितलं मावशी. पण कुरिअरला खोकं मोठं असलं की आकार धरतात. लांबी, रुंदी, उंची गुणायची आणि पाच हजारानं भागायचं. साडेचार किलो येतंय, म्हणजे पाचाचा दर. गुवाहाटीला साडेअकराशे.

विठाबाई : आत नुस्तं कापाड हाय गं.

अनुजा : गाडीत जागा खातंय ना. सकाळपासून हेच सांगून घसा बसलाय माझा. फेटाच आहे ना? सोडा, घडी करा. पाकिटात दीडशेत जाईल.

विठाबाई : सोडायचा न्हाय.

अनुजा : तिकडं बांधेल की कुणीतरी.

विठाबाई : पोराचं लगीन हाय पुढच्या रविवारी, तिकडंच, नवरीच्या गावात. आमचं जाणं व्हईत न्हाय. दिवाळीत ह्यांची उजवी बाजू गेली. तीस वर्सं राधानगरीकडच्या नवरदेवांचं फेटं ह्यांनी बांधलं. आणि राजवर्धन फोनवर म्हणतोय, तयार मिळतोय हितं, नगा त्रास घिऊ.

अनुजा : मग हा कुणी बांधला?

विठाबाई : ह्यांनीच. डाव्या हातानं. टोक मी धरलं, डोकं बी माझंच. चार दिस लागलं.

अनुजा : बघू... उंची सगळी तुऱ्यानं घेतलीय. तुरा आडवा दाबला तर ह्या बुटक्या खोक्यात बसतंय. तीन किलो. सहाशे नव्वद.

विठाबाई : सातशेच हायती माझ्याकडं, आणि रिक्षाचं सुटं. पण तुरा पाच येळा पडला गं. सहाव्यांदा उभा ऱ्हायला, तवा रडलं ते.

अनुजा : तिकडं उभा करतील की.

विठाबाई : त्याला कुठलं येतंय. कधी शिकलाच न्हाय... दाब. तूच दाब बाई, माझ्यानं व्हायचं न्हाय.

अनुजा : कागद घालते आत, चुरगळणार नाही. काका कुठं आहेत?

विठाबाई : दारातच, रिक्षात. पायऱ्या चढवत न्हाईत.

अनुजा : झालं. ही पावती. जपून ठेवा.

आकाराम : (बाहेरून) अगं ए... तुरा कसा गेला?

अनुजा : उभाच गेला, काका.