मिस्टर पिबवर्थ जिन्यावरून पडतात

—नको, ती बशी पुढे सरकवू नकोस, विल्फ. या बिस्किटांच्या जाहिराती मीच केल्यात, आत काय कोंबतात ते मला ठाऊक आहे. चहा चालेल. दूध अगदी थोडं—हे काय, ओतलंस पण? असू दे. तर काय सांगत होतो मी? हां, इमोजेन. जाहिरात कंपनीतली पोरगी. माझे बूट तिच्यापेक्षा जुने असतील, पण लंडनमध्ये काचेची खोली, तीन माणसं हाताखाली, आणि मला म्हणते, 'डेंझिल.' मिस्टर ऑर्मरॉड नाही हां, डेंझिल! जसं काही आम्ही एका बाकावर बसून पाढे म्हटलेत. म्हणते, डेंझिल, आम्हाला म्हाताऱ्यांसाठी एक खुर्ची विकायचीय. जिन्याच्या कडेने रूळ, रुळावर खुर्ची, बटण दाबलं की म्हातारं सरसर वर. बघितलीयस ना? बस. तर त्या खुर्चीत तुझे मिस्टर पिबवर्थ बसतात, आपल्या मालिकेतले, मांडीवर चहाचा ट्रे, खुर्ची वर जाते आणि एक थेंब सांडत नाही. वीस सेकंद. संपलं. यावर त्यांनी सहा महिने बैठका घेतल्या म्हणे! आणि खरं सांगू, त्यांना तूसुद्धा नको होतास. कुणीतरी तरुण हवा होता, हल्ली ते शिव्या देऊन हसवतात ना, त्यातला एखादा. मीच टेबलावर हात आपटला. म्हटलं, विल्फ टॅन्सली नसेल तर मीही नाही. अख्खं इंग्लंड त्याला जिन्यावरून पडणारा माणूस म्हणून ओळखतं, दुसरा कोण बसणार त्या खुर्चीत? तर असं आहे. तुझ्यासाठी एवढ्या लांब क्रोमरला आलोय मी, तेवढं ध्यानात ठेव.

हसतोयस काय? नाही हसत? तुझं तोंडच तसं आहे, कधी कळलंच नाही मला. आणि घर काय घेतलंयस हे! जिना नाही! जिन्यावरून पडून नाव काढलेल्या माणसाने म्हातारपणी बैठं घर घ्यावं—हे मी मालिकेच्या एखाद्या भागात घातलं असतं तर लेखक म्हणाला असता, ऑर्मरॉड, जरा जास्तच होतंय. खिडकीतून समुद्र, भिंतीवर तुझाच फोटो, शेजारच्या बाया खेकड्याचे सँडविच आणून देत असतील आणि म्हणत असतील, मिस्टर पिबवर्थ, एकदा पडून दाखवा ना! म्हणतात ना? म्हणणारच. अडाणी आहेत. प्रेक्षक म्हणजे काय, सोफ्यावर टाकलेलं पोतं. मी जन्मभर त्या पोत्याला गुदगुल्या केल्या.

आणि एक गोष्ट आज बोलूनच टाकतो, कारण तुझ्यापुढे नाही बोलणार तर कुणापुढे? तू कधी पडलासच नाहीस. सांग, पडलास? आपली 'सासूबाई वरती' टीव्हीवर सुरू होऊन महिनासुद्धा झाला नव्हता, तुझा गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला, स्टुडिओत प्रेक्षक येऊन बसलेले, निर्माता घाम पुसतोय, आणि तू म्हणतोस, डेंझिल, मला पडता येणार नाही. दिग्दर्शक मी, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काय केलं? कॅमेरा उचलला आणि वरच्या बंद दारावर लावला. दारामागे सासूबाई, चहाची वाट बघत. दिसतंय काय—नुसतं दार. खालून तुझी पावलं, कप बशीवर किणकिणतोय, एक पायरी, अजून एक, अजून एक, मग—काही नाही. काहीच नाही. लोकांचा श्वास अडकला. आणि मग धडाडधूम! सगळ्यात शेवटी एक चमचा, टिण टिण करत एकेक पायरी उतरत गेला. दार तसंच बंद. आणि आतून सासूबाईंचा आवाज—'साखर घातलीस ना?' अरे, छप्पर उडालं त्या दिवशी! कॅमेऱ्यामागचा माणूस हसून हसून खाली बसला. मग दर आठवड्याला तेच. आणि पडत काय होतं? भंगारातल्या कपबश्यांनी भरलेलं खोकं! सेटवरचा सामानवाला ते ढकलून द्यायचा आणि तू पडद्याआड स्टुलावर पाय ठेवून सँडविच खात असायचास. तो चमचा माझा. ती मधली शांतता माझी. आणि आज रस्त्यावर कुणालाही विचार, छातीवर हात ठेवून सांगतात, आम्ही पाहिलंय हो मिस्टर पिबवर्थना पडताना, असे पाय वर गेले होते! कुणीही पाहिलेलं नाही! मी दाखवलंच नाही! पण पत्रांची पोती कुणाकडे? तुझ्याकडे. दुकानांच्या फिती कापायला कोण? तू. मला भाजीवालासुद्धा विचारायचा, अहो, ते पिबवर्थ घरीही असेच असतात का? असा राग यायचा—राग कसला, किळस यायची.

म्हणून तर सोडलं मी ते. लोक म्हणाले, ऑर्मरॉड जाहिरातींना विकला गेला. म्हणोत. मला कुणीतरी विकत तरी घेतलं! ती ग्रेव्हीची जाहिरात आठवते ना—रविवारचं जेवण, आजोबा झोपलेत, ग्रेव्ही ताटातून वाहत वाहत त्यांच्या टायपर्यंत येते? बक्षीस मिळालं होतं तिला. जेवणाला काळे कोट, शॅम्पेन, आणि शेजारी ग्रेव्ही कंपनीचा मालक, तो मला म्हणतो, सुंदर झालीय, फक्त टायचा रंग आमच्या डब्याचा असता तर! असल्या माणसांत काढली मी उमेदीची वर्षं. सूपला वाफ दिसत नाही म्हणून टेबलाखाली माणूस आडवा घालून नळीतून धूर सोडायचा. कुत्र्याच्या खाण्याची जाहिरात होती, कुत्र्याने आधी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि उठून निघून गेला. तेवढा एक प्रामाणिक समीक्षक भेटला मला आयुष्यात. आणि मध्ये मध्ये मनात असायचंच, हे एवढं उरकू, मग सिनेमा. आपला सिनेमा. दीड तासाचा, कुणाचा डबा नाही, कुणाची बाटली नाही. हे उरकू, ते उरकू. आता उरकायला काही राहिलं नाही आणि सिनेमाही नाही. फोनच वाजत नाही, विल्फ. सकाळी दाढी करून बसतो. कशाला करतो कोण जाणे.

काय? गाडी ना, गाडी मागच्या गल्लीत लावलीय. समोर जागा नव्हती—काय म्हणालास? तुझ्या त्या खिडकीतून बसथांबा दिसतो? दिसतो तर दिसतो! आलो बसने! हवा बरी होती, म्हटलं बसने जाऊ. यात एवढं डोळे मिचकावण्यासारखं काय आहे? गाडी विकली. घरही विकलं, आता बहिणीकडे असतो, तिच्या गॅरेजवरच्या खोलीत. छान आहे खोली. मांजर आहे तिचं, माझ्या कागदांवर झोपतं. दुसरं काही काम नाहीये त्या कागदांना.

तर मुद्द्यावर येऊ. एक दिवसाचं काम आहे. तुला पडायचं नाही—पडता तसंही कधी आलं नाही—नुसतं बसायचंय. बसता येतं ना? तोंड तुझं आहे तसंच ठेवायचं, बाकीचं मी बघतो, नेहमीसारखं. मान हलवू नकोस नुसती, हो की नाही ते सांग. हे बघ, तुला एवढा भाव खायची गरज नाही. तू होतास काय? एका मालिकेतला एक माणूस, तोही माझ्यामुळे. तू विनोदी नटसुद्धा नव्हतास, विल्फ, तू एक गंभीर तोंडाचा माणूस होतास आणि मी तुला बरोबर जागी उभा करायचो. फुलदाणी कुठे ठेवायची तसा. फुलदाणीला वाटायला लागलं, लोक आपल्यालाच बघायला येतात! आणि आज ती पोरगी मला तोंडावर सांगते, तुम्ही दोघं असाल तरच—

काही नाही. म्हटलं ना, काही नाही. बरं, ऐक. ती म्हणाली, तुम्ही दोघं असाल तरच ही जाहिरात होईल, जमलं तर विल्फशी एकदा बोलून घ्या. झालं? ऐकलंस? मी टेबलावर हातबित काही आपटला नाही. मला टेबलापर्यंत कुणी नेलंच नव्हतं, फोनवर बोलली ती, तेही जेवता जेवता, चावल्याचा आवाज येत होता. तू नाहीस तर मी नाही, असा त्याचा अर्थ आहे. अख्खा जन्म त्या तोंडामागे घालवला आणि आता काम मागायलाही त्याच तोंडाकडे यायचं! तर आलोय. घे मजा. मला हे काम पाहिजे, विल्फ. फार पाहिजे. दिवसभर माणसं मला विचारत राहतील, दिवा कुठे ठेवू, मिस्टर ऑर्मरॉड, आता काय करू, मिस्टर ऑर्मरॉड—एक दिवस. एवढंच मागतोय. हो म्हण.

काय म्हणालास? हो म्हणून झालंय? म्हणजे? कधी? ...तिने तुला फोन केला होता? माझ्या आधी? आणि तू बोलला नाहीस, मी इथे मघापासून—बरं, पुढे बोल. हो म्हणालास, पण अट घातलीस. कसली अट? तू आणि अट! ...

माझं नाव?

पुन्हा सांग. डेंझिल ऑर्मरॉड नसेल तर मी करणार नाही, असं म्हणालास. तू. आणि ती काय म्हणाली? ...'तो कोण?' असं म्हणाली? तिला माहीतच नव्हतं? ...मग तू सांगितलंस. दाराचं सांगितलंस? आणि चमचा? ...माझा म्हणून सांगितलास. सासूबाईंचं ते साखरेचं वाक्यही. सगळं. म्हणजे दर वेळी कुणी विचारलं की तू हेच... भाजीवाल्यालासुद्धा?

मग मला इतका वेळ बोलू का दिलंस? अं? हो, हो, मी श्वास घेतला नाही हे खरं आहे, पण हात वर करायचास, कप आपटायचास, काहीतरी! हे बघ, ते फुलदाणीचं—माझी बोलायचीच तऱ्हा ती, तुला काय नवीन आहे? मी सगळ्यांनाच असं बोलतो. आईलासुद्धा असंच बोलायचो. मनात नसतं रे काही. म्हणजे असतं, पण एवढं नसतं. तू विनोदी होतास. त्या मधल्या शांततेत लोक थांबायचे ना, ते खाली तू आहेस म्हणून थांबायचे, दुसऱ्या कुणासाठी थांबले नसते, हे मला—विल्फ, कुठे चाललास? बस ना. चहा राहिलाय तुझा. फोन कशाला? कुणाला लावतोयस? इमोजेनला? हे बघ, मी माफी मागतो, मागतो म्हणजे मागितली, झालं? ठेव तो फोन. अरे, निदान माझ्याकडे बघून तरी लाव! एक दिवस, विल्फ. एकच—

लागला का?

'ऑर्मरॉड नको, दुसरा कुणीही चालेल.' असं सांगायचं असतं का? आणि ठेवलास पण? इतक्यात? मग ती काय म्हणाली? ...'हरकत नाही'? आणि? पुढे? काहीतरी म्हणाली असेल ना ती, विल्फ—कारणसुद्धा नाही विचारलं?