दिवा विझेपर्यंत थांबायचं न्हाई

...आणि वरून त्या नव्या गाडीला युरियाचं पाणी पाजायचं! युरिया हो, शेतात टाकतो त्याचाच भाऊ! तुम्हाला सांगतो, माझी जुनी जीप होती, डिझेल घाला, चावी फिरवा, निघाली भकाभक. धूर सोडायची, पण ऐकायची हो!

ती विकून मी हौसेनं घरगाडी घेतली. आत पलंग, शेगडी, संडास, सगळं! त्यात आमच्या शिल्पाला बघायला नायगावचे पाहुणे येणार म्हणल्यावर मी बायकोला म्हणलं, "शिवकन्या, पाहुण्याला मीच आणतो. बघतच राहतील!" ती म्हणली, "राहू द्या, पण जेवणाच्या वक्ताला आणा."

तर गाडीत कोण? पोराचे वडील हणमंतराव, आई भामाबाई अन् पोरगा श्रीनाथ. मी लई खुशीत! जागोजागी थांबलो, गाडी चालूच, एसी चालूच, पाहुण्याला पलंग उघडून दाखव, मिटून दाखव... अन् चाकूरच्या पुढं पिवळा दिवा! लुकलुक, लुकलुक! कंपनीत फोन लावला. तिकडून बाई, आवाज एकदम साखर, "सर, प्रदूषणाच्या नव्या नियमामुळे सायलेन्सरमध्ये जाळी असते. तिच्यात काजळी साचली आहे. गाडी ती स्वतःच जाळते आहे. दिवा विझेपर्यंत पळवत राहा, थांबू नका." म्हणलं, "थांबलो तर?" "तर दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणावी लागेल, सर. आपला दिवस शुभ जावो!"

शुभ! जीपनं कधी असं फर्मान काढलं का? धूर सोडायची, पण ऐकायची हो!

लातूर आलं. आमचं घर बायपासलाच. दारात शिवकन्या, पाय धुवायला पाण्याची बादली घेऊन! बाजूला शिल्पा, साडी नेसून! मी हॉर्न वाजवला, हात हलवला... अन् गेलो ना पुढं!

मागून हणमंतराव, "अहो भागवतराव, घर गेलं तुमचं!"

"माहीत हाय!"

भामाबाईंनी गळाच काढला, "पळवून नेऊन राहिलेत हो हे आम्हाला!" तेवढ्यात शिवकन्याचा फोन. "कुठं निघालात?" "दिवा विझला की येतो!" "कुठला दिवा?" मी फोन ठेवला अन् गाडी दामटली. पोरीची सोयरीक माझ्या सायलेन्सरमधी अडकली की हो!

अन् आरशात बघतो तर काय... स्कूटी! साडीचा पदर खोचलेला, डोक्याला हेल्मेट, आमची शिल्पा! आली ना खिडकीला लागून! "बाबा, थांबा!" "न्हाई जमत बेटा!" भामाबाईंचं रडं गप्पकन थांबलं. काच खाली केली अन् पळत्या गाडीतून इचारतात काय, "स्वयंपाक येतो का गं?"

"येतो! तुमच्या पोराला येतो का?"

मी म्हणलं, बोंबललं सगळं. तर श्रीनाथ खिडकीतून अर्धा बाहेर, "चहा येतो! लई चांगला येतो! अन् तुम्ही जरा बाजूनं चालवा, पुढून ट्रक येऊन राहिला!"

औसा आलं अन् दिवा विझला. पट्कन! मी ब्रेक मारला, सगळे धडाधड खाली. शिल्पानं हेल्मेट काढलं, श्रीनाथकडं बघितलं, म्हणली, "करून दाखवा." पोरानं खरंच चहा केला हो, माझ्याच शेगडीवर! शिल्पा घोट घेऊन म्हणली, "साखर कमी हाय," अन् हसली. ती हसली तिथंच मला कळलं. माझ्या डोळ्यात पाणी! भामाबाई म्हणल्या, "आमच्या जिवासाठी ट्रकाच्या तोंडी आली, पोरगी आमचीच."

जमलं! मी तर जाग्यावर उडालो! म्हणलं, "हणमंतराव, वरात घरगाडीतून काढू! लायटिंग करून!"

त्यांनी शांतपणे कप ठेवला. "न्हाई. वरात देवणीच्या बैलगाडीतून."

म्हणलं, "का हो?"

म्हणले, "भागवतराव, बैलाला 'हो' म्हणलं की बैल थांबतो."

सांगून आलोय देवणीला बैलजोडी.