मागचं सीट

मांजरसुंब्याला गॅरेजात पंक्चरसाठी थांबलो होतो. शेजारी परमेश्वर नावाचा माणूस कय्युम मिस्त्रीला मोटारसायकल दाखवत होता.

“चार दिवसांचा पल्ला हाय, कय्युमभाई. सगळी कच्ची वाट.”

“डांबरी रस्ता सोडून कच्च्यानं कावून?”

“ऊसतोडीला आमच्या बैलगाड्या त्याच वाटंनं जायच्या.”

“मोबाईलवर दिसती का ती?”

“न्हाई. आईला पाठ हाय. ती मागं बसणार.”

“ह्या वयात? लई दणके बसतील.”

“माझी थोरली बहीण त्या वाटंवर गेली. आठ दिवसांची होती. लिंबाखाली पुरलं अन् मुकादमानं लगेच गाड्या हाकायला लावल्या. आईला तिथं जरा बसायचंय.”

“उद्या त्यान्ला घेऊन या. बसवूनच सीटचं माप घेतो.”