तिसऱ्या टेबलावरचा पालथा ग्लास

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर उपस्थित असलेले व्यवस्थापक साहेब, भट्टी विभागाचे प्रमुख, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते वजनकाट्यावरचे आपले ज्येष्ठ सहकारी, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि समोर बसलेले माझे सर्व आजी-माजी कामगार बंधू आणि भगिनी,

आपणा सर्वांस माझा आदरपूर्वक नमस्कार.

मला बोलण्यासाठी दहा मिनिटे देण्यात आली आहेत. कार्यालयातून निरोप आला होता की भाषण आम्ही टाइप करून देतो, तुम्ही फक्त वाचा. मी नम्रपणे नकार दिला. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. परंतु चौथीपर्यंत जे शिकविले गेले ते मी पूर्ण शिकलो आहे. हा कागद माझ्या हस्ताक्षरातला आहे.

नव्या मंडळींना मी कोण हे ठाऊक नसेल. या कारखान्याच्या उपाहारगृहात मी तेहेतीस वर्षे पाणी वाढण्याचे काम केले. निवृत्त होऊन मला नऊ वर्षे झाली. मला सर्वजण पाणीवाले म्हणत आणि यांना काटेवाले. आम्हा दोघांना नावाने हाक मारणारे या कारखान्यात कोणी नव्हते, आणि आम्हालाही त्याचे कधी वाईट वाटले नाही.

काटेवाल्यांविषयी काय सांगावे? भंगार लोखंड घेऊन येणारी प्रत्येक लॉरी यांच्या काट्यावरून आत गेली आणि रिकामी होऊन यांच्याच काट्यावरून बाहेर पडली. देहाने ते त्या वेळी फार मोठे होते. त्यांच्या केबिनमधली खुर्ची वेल्डिंग खात्याने मुद्दाम अँगल लावून तयार केली होती. चालक मंडळी थट्टा करीत. एकजण नेहमी खिडकीतून विचारायचा, "काटेवाले, तुमचं भरलेलं वजन दिसतंय, रिकामं किती?" ते उत्तर देत, "माल उतरला की सांगतो." सगळे हसत. तेही हसत. परंतु डॉक्टरांकडच्या काट्याला एकदा यांचे वजन पेलेनासे झाले, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत, आवारात कोणी नाही असे पाहून, ते स्वतः लॉरीच्या काट्यावर जाऊन उभे राहिले. आपला काटा दहा-दहा किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवितो. आकडा आला एकशे साठ. त्यांनी रीतसर पावती छापली. वाहन: नाही. माल: मी. ती पावती त्यांनी मला पुढे बऱ्याच वर्षांनी दाखविली. आपण आता हसलात, मीही हसलो होतो. परंतु ती छापताना ते हसले असतील काय?

त्यानंतर त्यांनी दीड महिना रजा घेतली. पोटाचे ऑपरेशन, एवढेच सर्वांना सांगितले. वजन कमी व्हावे म्हणून पोट लहान करण्याची ती शस्त्रक्रिया होती, हे आज मी त्यांची परवानगी घेऊन सांगत आहे. या गोष्टीला अकरा वर्षे झाली.

आता जे सांगणार आहे ते समजण्यासाठी उपाहारगृहाची एक रीत सांगणे भाग आहे. फार पूर्वी, माझ्या आधीच्या काळी, टाकीतले पाणी गंजलेले आले होते. कामगारांनी आरडाओरडा केला नाही. सर्वांनी आपापला ग्लास टेबलावर पालथा घातला आणि न जेवता उठले. तेव्हापासून पालथा ग्लास म्हणजे पाणी वाढणाऱ्याविरुद्ध तक्रार. तक्रारवहीत नोंद होते, व्यवस्थापक स्वतः येऊन पाणी चाखतात, आणि पाणी वाढणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. माझी एकतीस वर्षे झाली होती, आणि माझ्या पाण्यावर एकही ग्लास पालथा पडला नव्हता. हे मी फुशारकीने सांगत नाही. म्हणजे, थोडे फुशारकीनेच सांगतो.

काटेवाले रजेवरून परत आले ते खिडकीजवळच्या तिसऱ्या टेबलावर, आपल्या नेहमीच्या जागी बसले. समोर एक लहानशी वाटी आणि एक चमचा. मी ग्लास भरला. ते हळूच म्हणाले, "आज राहू द्या, पाणीवाले."

मी म्हणालो, "राहू द्या कसं? भट्टीचा कारखाना आहे. पाण्यावाचून घास उतरेल का?"

ते म्हणाले, "नंतर घेतो."

मी म्हणालो, "नंतर म्हणणारे सगळे विसरतात. घ्या, मी उभा आहे."

माझी ती सवयच होती. माणूस पाणी पिईपर्यंत मी जग घेऊन उभा राहत असे, आणि ग्लास निम्मा झाला की पुन्हा भरीत असे. ते प्यायले. चार घास खाऊन, दोन ग्लास पाणी पिऊन उठले. थोड्या वेळाने मी मागच्या नळावर गेलो तर हे भिंतीला हात टेकून ओकत होते. मी काय केले असेल? धावत जाऊन आणखी एक ग्लास पाणी आणून दिले. तेही त्यांनी घेतले.

असे तीन आठवडे चालले. दिवसेंदिवस त्यांचा चेहरा उतरत गेला. मी घरी म्हणत असे, यांना अन्न मानवत नाही, बरे झाले निदान माझे पाणी तरी पोटात जाते.

आणि एके दिवशी मी जग घेऊन तिसऱ्या टेबलाशी गेलो तर ग्लास पालथा होता.

शेजारच्या टेबलावरचे वळून पाहू लागले. काटेवाले म्हणाले, "पाणीवाले, तुमच्या पाण्याबद्दल तक्रार नाही." मी ऐकून घेतले नाही. मी तक्रारवही काढली आणि स्वतःच्या हाताने लिहिले: तिसरे टेबल, एक ग्लास. व्यवस्थापक आले, पाणी चाखले, उत्तम आहे म्हणाले, आणि काटेवाल्यांना कारण विचारले. हे मान खाली घालून बसले. एवढ्या लोकांसमोर ते आपल्या पोटाविषयी काय सांगणार होते? परंतु मला वाटले, कारण नाही, म्हणजे केवळ माझा अपमान करायचा होता.

मी त्यांच्याशी बोलणे सोडले. त्यांच्या टेबलाकडे जाणे सोडले. दोनदा ते काउंटरशी येऊन म्हणाले, "जरा ऐका तर." मी पाठ करून जग घासत राहिलो. घरी पत्नीने मला सुनावले, "एका ग्लासापायी माणूस तोडता? काय झालं, एवढं तरी विचारा त्यांना." मी म्हणालो, विचारणे हे माझे काम नाही. ती म्हणाली, "मग रुसणं हे कोणाचं काम आहे?" यावर मी चिडलो.

अध्यक्ष महाशय, माझी दहा मिनिटे संपत आली असतील. कृपया आणखी थोडी द्यावीत. ज्यासाठी उभा राहिलो ते अजून सांगितलेले नाही.

वजनकाट्याची केबिन उपाहारगृहापासून तीनशे पावलांवर आहे. लॉऱ्यांची रांग लागली की काटेवाल्यांना जागचे हलता येत नसे. म्हणून रोज सकाळी तिथला पाण्याचा जार भरून ठेवणे हे माझेच काम होते. माझ्या अबोल्याच्या अकराव्या दिवशी एका लॉरीला पावती मिळेना. चालक हॉर्न वाजवून थकला, वर गेला, तर हे जमिनीवर बसले होते, हातात पेन, आणि ओठ इतके सुकलेले की बोलता येईना. त्यांना रुग्णालयात नेऊन सलाइन लावावे लागले. अंगातले पाणी आटले होते.

संध्याकाळी मी गेलो. ते झोपले होते. वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्यासमोर मूठ धरली. म्हणाल्या, "भाऊजी, त्यांचं पोट आता एवढंसं ठेवलंय. जेवताना पाणी प्यायलं की खाल्लेलं एक तर वर येतं, नाहीतर लगेच खाली वाहून जातं, अंगाला लागत नाही. जेवणाआधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. पण मधल्या वेळात दिवसभर घोट घोट प्यायलंच पाहिजे."

मी म्हणालो, "मग मला सांगायचं नाही का?"

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही सांगू दिलंत का? मी रोज म्हणायची, ग्लास पालथा घाला. तर म्हणायचे, एकतीस वर्षांत त्या माणसाचा ग्लास पालथा पडलेला नाही, माझ्या पोटासाठी मी कशाला पाडू? तीन आठवडे ओकले ते, भाऊजी, तुमचा मान राखायला. शेवटी डॉक्टरांनी तंबी दिली तेव्हा ऐकलं."

मग वहिनींनी आणखी एक गोष्ट सांगितली. म्हणाल्या, "तेवढा केबिनमधला जार बदलून घ्या हो. गळका झालाय म्हणे, सकाळी बघावं तर रिकामाच. हे म्हणत होते, पाणीवाल्यांचा त्यात काही दोष नाही."

मी म्हणालो, "बदलतो."

वहिनी, जार गळका नव्हता.

अकरा दिवस मी तो भरला नाही. रोज सकाळी मी जारापर्यंत जात असे, तो रिकामा आहे हे पाहत असे, आणि परत फिरत असे. मनात म्हणत असे, माझे पाणी नको आहे ना, मग राहा. नको तेव्हा मी ते त्यांच्या घशात ओतले, आणि हवे तेव्हा दिले नाही. हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आपल्याला ते त्यांनी कधी सांगितले नाही, मला कधी ऐकविले नाही. अकरा वर्षे ते मनात धरून मी आपल्या घरी चहा प्यायलो. आज हे सभेत सांगतो, कारण एकट्यात सांगितले असते तर आपण "जाऊ द्या" म्हणाला असता आणि मी सुटलो असतो.

त्या संध्याकाळनंतर मी त्या रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "रुग्ण तुमचे कोण?" मी म्हणालो, मी त्यांना पाणी देतो. त्यांनी सर्व सांगितले, मी सर्व लिहून घेतले. काटेवाले कामावर आले त्या दिवसापासून जेवणाचा भोंगा होण्यापूर्वी मी स्वतः तिसऱ्या टेबलावरचा त्यांचा ग्लास पालथा घालू लागलो. लोक विचारीत, "कोणाची तक्रार?" मी म्हणत असे, माझी. त्यांचे गुपित सांगायचे नव्हते, मग दुसरे काय सांगणार? तक्रारवहीत दोन वर्षे माझ्याविरुद्ध माझीच सही आहे. व्यवस्थापक साहेबांना वाटले, म्हाताऱ्याचे डोके फिरले. साहेब, आपण तेव्हा मला काही बोलला नाहीत, याबद्दल आभारी आहे.

आणि जेवण होऊन अर्धा तास झाला की मी लहान ग्लास घेऊन ती तीनशे पावले चालत असे. पहिल्या दिवशी सवयीप्रमाणे समोर उभा राहिलो. हे म्हणाले, "पाणीवाले, तुम्ही टक लावून बघता, म्हणून मी गटागटा पितो. जरा लॉऱ्या बघा." मग ते एक घोट घेत आणि मी लॉऱ्या पाहत असे. दोन वर्षांत इतके भंगार पाहिले की लांबून वजन सांगू लागलो. एकदा वीस किलोंनी चुकलो तर हे म्हणाले, "तुम्ही पाणीच वाढा."

काटेवाले, मी निवृत्त झालो तेव्हा आपण माझ्यासाठी चार शब्द बोलला होता. म्हणाला होता, या माणसाच्या कारकिर्दीत कोणाचा ग्लास रिकामा राहिला नाही. ते खरे नव्हते, आणि आपल्याला ते ठाऊक होते. आज मी ते दुरुस्त केले आहे. आपल्या पुढील आयुष्यात आपल्याला आरोग्य लाभो, हीच सदिच्छा.

अध्यक्षांनी वेळ वाढवून दिला, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतले, याबद्दल मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही उणेअधिक झाले असेल, तर ते माझ्या अल्प शिक्षणाचे समजून पदरात घ्यावे. मात्र जाराचा दोष शिक्षणाचा नाही, तो माझा आहे. त्याबद्दल क्षमा करावी की नाही हे वहिनींनी ठरवावे.

शेवटी वाढणाऱ्या मंडळींना एक सूचना. शेजारच्या दालनात जेवण मांडले आहे. मी आधीच पाहून आलो. मुख्य टेबलावर डावीकडून तिसरा ग्लास पालथा आहे, तो मी घातला आहे. कृपया तो कोणी सरळ करू नये. जेवणानंतर अर्ध्या तासाने मी स्वतः येईन.