मधल्या चार तारा

दिगंबर : तुमच्या गिटारचं मोडलेलं काहीच नाही, साहेब. मोडलं असतं तर जोडून ठेवली असती. तुम्हाला खिदिरपूरहून एवढ्या लांब कशाला बोलावलं असतं? बसा. वहिनी, तुम्ही या खुर्चीत बसा, त्या स्टुलावर सगळा भुसा आहे.

श्यामकांत : मग अडलंय कुठे, दिगंबरराव? पुढच्या महिन्यात आमची कलकत्त्याहून मुंबईला बदली. तिथे पोचलो की पुण्याहून आमचा जयंता, म्हणजे माझा पुतण्या, गिटार न्यायला येणार. कॉलेजात वाजवतो. त्याच्या हातात वस्तू कशी नवीकोरी पडली पाहिजे.

दिगंबर : नवीकोरी करतो की. माझ्याच हातची आहे. पण हात लावण्याआधी एक विचारायचं होतं. तुमच्या घरी ही वाजवतं कोण?

श्यामकांत : कोणी नाही.

दिगंबर : कोणी नाही?

श्यामकांत : अहो, आमच्या ऑफिसातला नोरोन्हा ऑस्ट्रेलियाला कायमचा गेला, तेव्हा आठवण म्हणून देऊन गेला. तेव्हापासून दिवाणखान्यात भिंतीला टांगलेली आहे. आल्यागेल्याने विचारलं की मी नोरोन्हाची गोष्ट सांगतो. बाकी तिला कोणी हात लावत नाही. काय गं?

प्रेमलता : धूळ पुसते मी.

श्यामकांत : हां, धूळ पुसते ही.

दिगंबर : मग पंचाईत आहे. साहेब, या गिटारचं पोट मी कोरून काढलंय. पातळ सपाट फळी वाकवून ठोकलेली नाही. जाड फळी घ्यायची, आतून-बाहेरून कोरत जायचं, बोटाने टकटक करून ऐकायचं, पुन्हा कोरायचं. व्हायोलिनसारखं. असं लाकूड रोज वाजलं तर खुलतं, आणि टांगून ठेवलं तर दोन-चार वर्षांत मुकं होतं. माझ्याकडे साहेब लोकांच्या कितीतरी येतात अशा, लढाईनंतर पेटीत पडून राहिलेल्या. महिनाभर वाजवल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. ही मात्र पहिल्याच दिवशी बोलायला लागली. मीच दचकलो.

श्यामकांत : नोरोन्हाने भरपूर वाजवली होती ना? ऑफिस सुटलं की हॉटेलात नाचाच्या बँडमध्ये असायचा.

दिगंबर : त्याच्यासाठीच तर केली होती. त्याच्या खुणा मी ओळखतो. हे बघा, इथे खाली, तारा टेकतात त्या घोडीजवळ. जोरजोरात छेडायचा, त्याचे ओरखडे. जुने आहेत, मळ बसलाय त्यांच्यात. आता इकडे वर या. दांडीच्या मध्यावर, या कडेला. बोट फिरवा.

श्यामकांत : गुळगुळीत आहे.

दिगंबर : आणि स्वच्छ. ही झीज ताजी आहे. इथे कोणी गिटार छेडतं का? कोणी छेडत नाही. आणि आता खालची कड बघा. व्हार्निश पार गेलंय. म्हणजे वाजवणारा हिला मांडीवर आडवी घेत नाही. उभी धरतो, जमिनीवर टेकवून. पंचवीस वर्षं हे काम करतोय, पण असा गिटारवाला मी पाहिला नाही.

श्यामकांत : थांबा, थांबा. उभी धरतो, म्हणजे खाली बसून वाजवतो. खाली बसून म्हणजे खुर्चीवर बसायची ज्याची पद्धत नाही, असा कोणीतरी. आणि मी घरात नसताना. दिगंबरराव, आम्ही कस्टम्सवाले. ट्रंक उघडायच्या आधी आत काय आहे ते आम्हाला माणसाच्या तोंडावर दिसतं.

दिगंबर : मग? कोण असेल?

श्यामकांत : हरिपद. आमचा स्वयंपाकी. मी ऑफिसात, ही दुपारी आडवी होते, आणि तो महाराज दिवाणखान्यात चटईवर बसून मैफल करतो. तरी म्हटलं, संध्याकाळी घरी येऊन चहा मागितला की याचे डोळे तांबारलेले का असतात.

प्रेमलता : हरिपद असं काही करणार नाही.

श्यामकांत : तुला काय माहीत? तू झोपलेली असतेस. आज घरी गेलो की पहिलं काम हेच. सरळ हिशेब करून काढून टाकतो.

दिगंबर : साहेब, एवढं नका करू. मी आपलं कुतूहल म्हणून विचारलं. वाद्य वाजलं, त्यात वाद्याचं भलंच झालं.

श्यामकांत : प्रश्न वाद्याचा नाही, विश्वासाचा आहे. आपल्या पाठीमागे आपल्याच घरात—

प्रेमलता : मी वाजवते.

श्यामकांत : काय?

प्रेमलता : हरिपदला काही बोलू नका. मी दुपारी झोपत नाही. त्याला घरी पाठवते आणि मी वाजवते.

श्यामकांत : तू? गिटार?

प्रेमलता : गिटार नाही. तंबोरा.

दिगंबर : अरे बाबा! म्हणजे तो तारेखालचा दोरा जवारीचा होता, सूर घुमवायला! आणि मी वेडा, खडखड थांबवायला कोणीतरी तारेखाली दोरा कोंबलाय समजून नावं ठेवत बसलो. वहिनी, माफ करा. आमच्या घरात वडिलांपासून व्हायोलिन आणि गिटार, तंबोऱ्याला आम्ही कधी हात लावला नाही. कडेच्या दोन तारा ढिल्या आणि मधल्या चार घट्ट. खुंट्या सरकल्या म्हणावं, तर चारही सुरात. पण गिटारच्या सुरात नाहीत. आठवडाभर मी डोकं खाजवतोय.

श्यामकांत : कसल्या सुरात?

दिगंबर : ऐका ना. काढलेल्या नाहीत अजून.

(दिगंबर मधल्या चार तारा एकेक करून छेडतो, पुन्हा पुन्हा.)

श्यामकांत : पंचम... आणि षड्ज.

प्रेमलता : थोडी उतरलीय. दुसरी तार किंचित चढवा. हां, बस.

श्यामकांत : ही तुझी पट्टी. काळी चार.

प्रेमलता : आठवते तुम्हाला?

श्यामकांत : तुला बघायला आलो होतो तेव्हा पेटीवाल्याने चुकून काळी दोन धरली, तर तू सगळ्यांसमोर त्याला थांबवलंस. माझे काका म्हणाले, मुलगी फार बोलते.

प्रेमलता : ते म्हणाले होते हे मला आज कळतंय.

श्यामकांत : पण मला वाटलं, तुझं गाणं सुटलं. मी लोकांना सांगतोसुद्धा, आमची ही लग्नाआधी फार छान गायची.

प्रेमलता : ऐकते ना मी. चहाचा ट्रे हातात असतो तेव्हा.

श्यामकांत : मग म्हणायचंस तेव्हाच.

प्रेमलता : पाहुण्यांसमोर? काय म्हणू? नागपूरहून इथे आलो तेव्हा सामानात तंबोऱ्याचा भोपळा फुटला. तुम्ही म्हणालात, कलकत्त्यात तंबोऱ्यांना काय तोटा, एखाद्या रविवारी जाऊन घेऊन येऊ.

श्यामकांत : आणि गेलो नाही आपण?

प्रेमलता : गेलो. फोर्ट विल्यमच्या बाजूला फिरायला गेलो, तुमच्या मामांना हावड्याचा पूल दाखवायला गेलो, बजबजला तुमच्या मित्राकडे जेवायला गेलो. मी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा लाज वाटली. साडी मागता येते हो. गाणं कसं मागायचं?

दिगंबर : मी जरा चहा सांगून येतो.

प्रेमलता : बसा, दिगंबरराव. तुम्ही समोर होतात म्हणून तर बोलले. घरी मला जमलं नसतं.

श्यामकांत : राग यायचा माझा?

प्रेमलता : यायचा. खूप यायचा. मग एकदा धूळ पुसताना हिच्या तारेला फडकं लागलं आणि किती वेळ घुमत राहिली. मी खाली घेतली. कितीतरी दिवस नुसत्या खुंट्या पिळत होते. दोन तारा तोडल्या. शिवणाच्या दोऱ्याने जवारी लावायला शिकले. नोरोन्हाची गिटार भिंतीवर जशी होती तशी पुन्हा टांगायची, तुम्ही यायच्या आत. रोज भीती वाटायची आणि रोज मजाही वाटायची.

दिगंबर : तारा कुठून आणल्या नव्या?

प्रेमलता : तुमच्याच दुकानातून. हरिपद आणायचा. त्याला वाटायचं साहेबांसाठी.

दिगंबर : तो म्हातारा? तो तुमचा हरिपद? दर वेळी मला सांगायचा, आमचे साहेब फार मोठे वाजवणारे आहेत.

श्यामकांत : ...आणि मी त्याला काढायला निघालो होतो.

दिगंबर : साहेब, मग आता मी काय करू? व्हार्निश करायचं तर ही झीज घासून काढावी लागेल. दोरा काढायचा, सहा तारा चढवायच्या. तुम्ही म्हणाल तसं.

श्यामकांत : मला नका विचारू. हिला विचारा. जयंताला मी काहीतरी कळवीन.

प्रेमलता : काही कळवू नका. गिटार जयंताची. पोराने वर्षभर वाट बघितलीय, आणि ही वस्तू गिटार म्हणून घडवलेली आहे. माझ्या हातात ती मन मारून तंबोरा झाली होती, मला कळायचं ते. दिगंबरराव, खुशाल नवी करा.

दिगंबर : आणि तुम्ही?

प्रेमलता : मला तंबोरा हवा. मागतेय मी, स्पष्ट. तो घेतल्याशिवाय मी मुंबईच्या गाडीत पाय ठेवणार नाही. आणि या वेळी तो सामानाच्या डब्यात जाणार नाही. माझ्याशेजारी बसून येईल.

श्यामकांत : चितपूरला मिळतात ना, दिगंबरराव?

दिगंबर : मिळतात, पण भोपळा पारखून घ्यायला हवा. माझ्या ओळखीचा एक कारागीर आहे तिकडे, मी येतो बरोबर. बांधून द्यायला दोन-तीन आठवडे घेईल. तोवर ही घेऊन जा घरी, अशीच, दोऱ्यासकट. माझ्या कामाला चार दिवस पुरेत.

श्यामकांत : द्या. मी धरतो. अशी ना? उभी?

प्रेमलता : रिक्षात आडवी चालेल.

श्यामकांत : एक विचारू? दुपारी गातेस काय तू?

प्रेमलता : उद्या रजा काढा.